लिनक्स कर्नलमध्ये पॅकेट कुठे रेंगाळते: नवोदितांसाठी निदानाची पद्धत

सर्व्हरचे नेटवर्क संथ झाल्याची तक्रार आली की नवोदित प्रशासक बहुधा शोधाशोध करून सिसकंट्रोलच्या (कर्नलची सेटिंगे बदलणाऱ्या आज्ञेच्या) वीसएक ओळी गोळा करतो, त्या एका दमात लागू करतो आणि काय होते ते पाहत बसतो. त्याने कधी फरक पडतो, कधी पडत नाही. पडला तरी तो कोणत्या ओळीमुळे पडला हे सांगता येत नाही, आणि पुढच्या वेळी तीच तक्रार आली की हाताशी पुन्हा त्याच वीस ओळी असतात. वास्तविक कर्नलमधील पॅकेटचा मार्ग ठरलेला आहे, त्या मार्गावरील जवळजवळ प्रत्येक टप्प्याला स्वतःचा काउंटर आहे, आणि पॅकेट कोणत्या टप्प्यावर थांबते किंवा गळते हे त्या काउंटरांवरून बऱ्यापैकी निश्चितपणे कळते. या लेखातील सगळी पद्धत एकाच नियमावर उभी आहे: टप्पा सापडेपर्यंत कोणत्याही सेटिंगला हात लावायचा नाही.

भर मुख्यतः येणाऱ्या पॅकेटवर आहे. पाठवताना कर्नल ॲप्लिकेशनला थोपवून धरू शकतो; येणारे पॅकेट मात्र कर्नलची सवड पाहून येत नाही, त्यामुळे कोंडी बहुतेक वेळा याच बाजूला होते. आज्ञांची आणि फाइलींची नावे येथे उच्चाराप्रमाणे दिली आहेत. टंकताना ती अर्थातच रोमन लिपीत टंकावीत.

आधी तक्रार नेमकी करावी

'नेटवर्क स्लो आहे' या वाक्यात तीन वेगवेगळे आजार लपलेले असतात. दर सेकंदाला जाणारा डेटा कमी आहे, की प्रत्येक विनंतीला लागणारा वेळ वाढला आहे, की पॅकेट गळत आहेत, हे पहिल्या दहा मिनिटांत ठरवावे, कारण या तिन्हींचे उपाय वेगळे आहेत आणि काही वेळा परस्परविरोधीही आहेत.

शिवाय दोष कर्नलचा आहे का, हेही पाहावे लागते. टीसीपीच्या एका कनेक्शनचा वेग त्याच्या विंडोला (पोच येण्याआधी पाठवता येणाऱ्या कमाल डेटाला) जाण्यायेण्याच्या वेळेने भागून येणाऱ्या मर्यादेपलीकडे जाऊ शकत नाही. विंडो १ मेगाबाइट असेल आणि जाण्यायेण्यास १०० मिलिसेकंद लागत असतील, तर ते कनेक्शन सेकंदाला साधारण १० मेगाबाइट, म्हणजे सुमारे ८० मेगाबिट एवढेच वाहून नेईल, मग कार्ड १० गिगाबिटचे असो की १०० चे. 'एसएस' ही आज्ञा 'आय' पर्यायासह चालवली की प्रत्येक कनेक्शनचा आरटीटी (जाण्यायेण्याचा वेळ), कंजेशन विंडो (जाळ्यातील गर्दीनुसार पाठवणाऱ्याने ठरवलेली विंडो) आणि पुन्हा पाठवलेल्या पॅकेटांची संख्या दिसते. तेथेच कारण सापडले तर पुढचे काही करण्याची गरज उरत नाही. अनेक कनेक्शने एकदम उघडली की एकूण वेग हवा तेवढा मिळतो आणि एकट्याला मात्र मिळत नाही, असे दिसले तर आधी विंडो आणि आरटीटीकडे पाहावे. तरीही एकच प्रवाह एकाच कोअरवर अडकल्यानेही असेच दिसू शकते, हे ध्यानात ठेवावे.

एक हिशेब प्रत्येकाने एकदा तरी कागदावर करून पाहावा. इथरनेटची सर्वांत लहान फ्रेम ६४ बाइटची असते. तिच्या आधीची प्रस्तावना आणि नंतरचे मोकळे अंतर धरून ती तारेवर ८४ बाइटची जागा घेते. म्हणजे १० गिगाबिटच्या जोडणीवरून सेकंदाला जास्तीत जास्त सुमारे १ कोटी ४८ लाख ८० हजार पॅकेट येऊ शकतात, आणि प्रत्येकासाठी ६७ नॅनोसेकंद मिळतात. ३ गिगाहर्ट्झच्या कोअरवर हे जेमतेम २०० चक्र झाले. मुख्य मेमरीतून एखादी गोष्ट आणायलाच तेवढा वेळ जाऊ शकतो. उलट १,५०० बाइटची पॅकेट असतील तर तीच संख्या ८ लाख १२ हजारांवर येते आणि प्रत्येकाला १.२३ मायक्रोसेकंद मिळतात. कर्नलचा बहुतेक खर्च दर पॅकेटमागे असतो, दर बाइटमागे नव्हे. त्यामुळे तक्रार नोंदवताना गिगाबिटच्या जोडीला सेकंदाला किती पॅकेट येतात हा आकडाही लिहावा. 'सार' या आज्ञेच्या नेटवर्क अहवालात तो थेट मिळतो.

पॅकेटचा मार्ग

कार्डावर फ्रेम आली की कार्ड ती डीएमएने (प्रोसेसरला मध्ये न घेता थेट) मुख्य मेमरीतील रिंग बफर या गोलाकार रांगेत ठेवते आणि प्रोसेसरला हार्ड इंटरप्ट, म्हणजे हातचे काम थांबवण्याचा इशारा, देते. इंटरप्ट हाताळणारा ड्रायव्हरचा भाग फार थोडे काम करतो: त्या रांगेचे पुढील इंटरप्ट तात्पुरते बंद करतो आणि 'नॅपी' या यंत्रणेला कामाला लावतो. खरे काम सॉफ्टआयआरक्यूमध्ये, म्हणजे इंटरप्टनंतर करण्यासाठी कर्नलने बाजूला ठेवलेल्या कामात, होते. तेथे कर्नल स्वतः रिंगमधून पॅकेट उचलतो, एकाच प्रवाहातील लागोपाठची पॅकेट शक्य असल्यास जीआरओद्वारे एकत्र जोडतो, मग फायरवॉलचे नियम, राउटिंग, टीसीपी किंवा यूडीपीचा थर असे करत ती सॉकेटच्या बफरमध्ये ठेवतो आणि वाट पाहणाऱ्या प्रोसेसला जागे करतो. प्रोसेसने ती वाचली की मार्ग संपला.

नॅपीची मेख अशी, की ट्रॅफिक कमी असताना इंटरप्ट वापरायचे आणि वाढल्यावर इंटरप्ट बंद ठेवून रिंग स्वतः तपासत राहायचे. तसे केले नसते तर जोरदार ट्रॅफिकमध्ये प्रोसेसर केवळ इंटरप्ट घेत राहिला असता आणि एकही पॅकेट ॲप्लिकेशनपर्यंत पोहोचले नसते. मात्र रिंग तपासत राहण्यालाही मर्यादा हवी, नाहीतर इतर कामांची उपासमार होईल. म्हणून एका रांगेतून एका फेरीत साधारणपणे ६४ पॅकेट उचलली जातात आणि सगळ्या रांगा मिळून एका खेपेला ३०० पॅकेटांचे बजेट असते. वेळेचीही मर्यादा असते. नव्या कर्नलमध्ये ती टायमरच्या दोन ठोक्यांइतकी, म्हणजे सेकंदाला १,००० ठोके असतील तर २ मिलिसेकंद आणि २५० असतील तर ८ मिलिसेकंद. सॉफ्टआयआरक्यूचे काम लवकर आटोपेनासे झाले की कर्नल उरलेले काम त्या कोअरच्या 'केसॉफ्टआयआरक्यूडी' या थ्रेडकडे सोपवतो, आणि हा थ्रेड सामान्य प्राधान्याने, म्हणजे इतर प्रोसेसच्या रांगेत उभा राहून चालतो.

पहिली पायरी: एकेक कोअर पाहणे

आता एक उदाहरण धरून पुढे जाऊ. समजा, ८ कोअरचे मशीन आहे, त्यावर यूडीपीने नोंदी गोळा होतात आणि काही नोंदी हरवतात. 'टॉप' उघडले तर प्रोसेसर ८७ टक्के मोकळा दिसतो, आणि येथेच बहुतेकांची फसगत होते. ८ पैकी १ कोअर पूर्ण भरलेला असला तरी सरासरीत तो १२.५ टक्केच दिसतो. 'एमपीस्टॅट' ही आज्ञा सर्व कोअरसाठी दर सेकंदाला चालवावी आणि 'सॉफ्ट' हा रकाना पाहावा. एका कोअरवर तो ९५-१०० आणि बाकीच्यांवर शून्याच्या आसपास असेल, तर अडचण एकूण ताकदीची नसून वाटपाची आहे. सगळ्याच कोअरवर तो ४०-५० असेल, तर वाटप ठीक आहे आणि दर पॅकेटमागचा खर्च मोठा आहे. कुठेच काही दिसत नसेल, तर कोंडी मार्गाच्या एकदम सुरुवातीला किंवा एकदम शेवटी शोधावी.

व्हर्च्युअल मशीन असेल तर 'स्टील' हा रकानाही पाहावा. तेथे ठळक आकडा असेल तर आपला कोअर मधूनमधून दुसऱ्याच कोणाला दिला जात आहे, आणि त्या काळात रिंग रिकामी करणारे कोणीच नाही.

दुसरी पायरी: कार्डाचे काउंटर

'आयपी लिंक' आज्ञेचा तपशीलवार अहवाल आणि 'इथटूल' आज्ञेचा मोठ्या 'एस' पर्यायाचा अहवाल, हे दोन्ही काढावेत. दुसरा अहवाल ड्रायव्हरनुसार बदलतो आणि काही कार्डांवर शेकडो ओळींचा असतो. त्यात 'मिस्ड', 'नो बफर', 'फिफो', 'ड्रॉप' असे शब्द असलेल्या ओळी वेगळ्या काढाव्यात. या काउंटरांची वाढ म्हणजे बहुधा कार्डाला रिंगमध्ये मोकळी जागा मिळाली नाही: कर्नल रिंग पुरेशा वेगाने उपसत नाही. सीआरसीच्या (फ्रेम शाबूत आली का ते तपासणाऱ्या आकड्याच्या) चुका वाढत असतील तर तो केबलचा, मॉड्यूलचा किंवा पोर्टचा प्रश्न आहे आणि कर्नलमध्ये शोधण्यात अर्थ नाही.

येथे एक सवय आताच लावून घ्यावी. काउंटरची एकूण किंमत निरर्थक असते. मशीन सुरू झाल्यापासून जमलेली चाळीस हजारांची गळती कदाचित सहा महिन्यांपूर्वीच्या एका रात्रीची असेल. दहा सेकंदांच्या अंतराने दोन नोंदी घ्याव्यात आणि फरक पाहावा, तोही तक्रार प्रत्यक्ष चालू असताना. 'एनस्टॅट' ही आज्ञा मागच्या वेळेपासूनचा फरकच दाखवते, म्हणून प्रोटोकॉलच्या काउंटरांसाठी ती सोयीची आहे.

'आयपी लिंक'मधील 'ड्रॉप्ड' या आकड्याने विनाकारण घाबरू नये. कर्नलला न समजणाऱ्या प्रोटोकॉलच्या फ्रेम, म्हणजे स्विचने पाठवलेल्या ओळख-फ्रेमसारख्या गोष्टी, यातच मोजल्या जातात. दर तीस सेकंदांनी एकाने वाढणारा आकडा हा बहुधा त्यातलाच प्रकार असतो. याउलट पॉज फ्रेम चालू असतील तर रिंग भरत आल्यावर कार्ड स्विचलाच थांबायला सांगते. आपल्या मशीनवर गळती शून्य दिसते आणि पॅकेट प्रत्यक्षात स्विचमध्ये गळतात. म्हणून पॉजचे काउंटरही तपासावेत.

रिंगचा आकार 'इथटूल'च्या लहान 'जी' पर्यायाने दिसतो आणि मोठ्या 'जी'ने बदलता येतो. ट्रॅफिक झटक्यांत येत असेल आणि सरासरीने कर्नलला झेपत असेल, तर रिंग मोठी केल्याने गळती थांबते. सरासरीच झेपत नसेल, तर मोठी रिंग फक्त उशिरा भरते, आणि तोपर्यंत त्यातील प्रत्येक पॅकेट जास्त वेळ ताटकळते. कमाल आकार डोळे मिटून लावण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. प्रतिसादाचा वेळ महत्त्वाचा असलेल्या यंत्रणेवर तो मला पटत नाही, कारण मोठी रिंग प्रोसेसरच्या कॅशमध्ये मावत नाही आणि दर पॅकेटमागचा खर्चही वाढू शकतो.

तिसरी पायरी: सॉफ्टनेट-स्टॅट वाचणे

प्रॉक निर्देशिकेत 'नेट' या उपनिर्देशिकेखाली 'सॉफ्टनेट-स्टॅट' नावाची फाइल आहे. दिसायला ती अगदीच ओबडधोबड आहे: रकान्यांना शीर्षके नाहीत आणि सगळे आकडे सोळा-आधारी आहेत. प्रत्येक चालू कोअरसाठी एक ओळ असते. पहिला रकाना त्या कोअरने हाताळलेल्या पॅकेटांचा, दुसरा बॅकलॉग रांग भरल्यामुळे टाकून दिलेल्यांचा, आणि तिसरा 'टाइम स्क्वीझ'चा, म्हणजे काम शिल्लक असताना बजेट किंवा वेळ संपल्याने किती वेळा थांबावे लागले त्याचा.

आपल्या उदाहरणात समजा कोअर २ च्या ओळीचा तिसरा रकाना आधी '३सी' होता आणि दहा सेकंदांनी '१ए०' झाला. पहिला म्हणजे ६०, दुसरा म्हणजे ४१६. दहा सेकंदांत ३५६ वेळा बजेट अपुरे पडले. त्याच काळात बाकीच्या सात ओळींचा पहिला रकाना जेमतेम हलला असेल, तर 'एमपीस्टॅट'ने दाखवलेले चित्र येथे पक्के झाले: सगळी पॅकेट एकाच कोअरवर येत आहेत.

तिसरा रकाना वाढताना दिसला की बजेट ३०० वरून ६०० करावे, असे जागोजागी लिहिलेले आढळते. ते नेहमीच बरोबर नसते. कोअरला मोकळा वेळ असेल आणि तरीही स्क्वीझ वाढत असेल, तर बजेट वाढवणे योग्य आहे. कोअर १०० टक्के भरलेला असेल, तर बजेट वाढवल्याने काम कमी होत नाही. फक्त त्याच कोअरवरच्या ॲप्लिकेशनला आणखी कमी वेळ मिळतो, आणि गळती रिंगमधून सॉकेटच्या बफरमध्ये सरकते.

दुसऱ्या रकान्याबद्दलही गैरसमज आहे. ही बॅकलॉग रांग कार्डाच्या नॅपी मार्गात येतच नाही. आरपीएस (पॅकेट सॉफ्टवेअरने इतर कोअरवर वाटण्याची सोय) चालू असेल किंवा पॅकेट लूपबॅकसारख्या, अथवा कंटेनरच्या व्हीइथसारख्या आभासी उपकरणातून येत असतील, तेव्हाच ती वापरात येते. तिची मर्यादा 'नेटडेव्ह मॅक्स बॅकलॉग' या सेटिंगने ठरते आणि मूळ मूल्य १,००० असते. दुसरा रकाना शून्य असताना ही मर्यादा वाढवणे म्हणजे निव्वळ समाधान.

चौथी पायरी: वाटप कुठे बिघडले

प्रॉकमधील 'इंटरप्ट्स' फाइलमध्ये कार्डाच्या प्रत्येक रांगेची ओळ आणि प्रत्येक कोअरचा रकाना असतो. 'वॉच' आज्ञेने ती दर सेकंदाला पाहिली की कोणत्या रांगेचे इंटरप्ट कोणत्या कोअरवर पडतात ते दिसते. येथे तीन शक्यता असतात. कार्डाला एकच रांग चालू असेल, तर 'इथटूल'च्या लहान 'एल' पर्यायाने कमाल किती रांगा चालतात ते पाहून त्या वाढवाव्यात. व्हर्च्युअल मशीनमध्ये ही चूक वारंवार आढळते. रांगा अनेक असून सगळ्यांचे इंटरप्ट एकाच कोअरवर जात असतील, तर 'आयआरक्यूबॅलन्स' ही इंटरप्ट कोअरवर वाटणारी सेवा बंद पडली आहे का किंवा कोणी हाताने बांधणी केली आहे का, ते तपासावे.

तिसरी शक्यता नवोदितांना सर्वांत जास्त छळते: रांगा आठ आहेत, बांधणीही ठीक आहे, तरी पॅकेट एकाच रांगेत येतात. आरएसएस ही सोय कार्डामध्येच पॅकेटच्या पत्त्यांवरून हॅश (त्यांपासून मोजलेला एक आकडा) काढून रांग निवडते. टीसीपीसाठी त्यात दोन्ही आयपी पत्ते आणि दोन्ही पोर्ट धरले जातात, पण यूडीपीसाठी अनेक ड्रायव्हर मूळ स्थितीत फक्त आयपी पत्तेच धरतात. आपल्या उदाहरणातील नोंदी एकाच प्रेषक मशीनकडून वेगवेगळ्या पोर्टांवरून येत असतील, तर हॅश प्रत्येक वेळी तोच येतो आणि रांगही तीच. 'इथटूल'च्या लहान 'एन' पर्यायाने यूडीपीचा प्रवाह-हॅश कोणत्या घटकांवर आहे ते दिसते. पोर्टही त्यात घातले की ट्रॅफिक पसरतो. मूळ स्थितीत पोर्ट वगळण्यामागे कारण आहे: यूडीपीचे तुकडे झाले तर पहिल्या तुकड्यातच पोर्ट असतात, बाकीचे तुकडे वेगळ्या रांगेत जातात आणि क्रम बिघडतो. तुकडे होत नाहीत याची खात्री करूनच हा बदल करावा.

दोन ठरावीक पत्ते आणि ठरावीक पोर्ट यांच्यामधला एकच टनेल असेल, तर कोणताही हॅश उपयोगाचा नाही. तो एकच प्रवाह आहे. अशा वेळी आरपीएसचाही मर्यादितच लाभ होतो, कारण आरपीएसदेखील प्रवाहानुसारच कोअर निवडतो. मात्र कार्डाला रांगा कमी आणि प्रवाह अनेक असतील तेव्हा तो कामाचा आहे. सिस निर्देशिकेत त्या रांगेखालच्या 'आरपीएस-सीपीयूज' फाइलमध्ये कोअरचा सोळा-आधारी मुखवटा लिहायचा असतो; 'एफ' लिहिले की पहिले चार कोअर. त्याची किंमतही लक्षात घ्यावी: पॅकेट दुसऱ्या कोअरकडे सोपवताना आंतर-कोअर इंटरप्ट लागतो.

एकाहून अधिक प्रोसेसर सॉकेट असलेल्या मशीनवर कार्ड कोणत्या न्यूमा नोडला (प्रोसेसर आणि त्याच्या जवळची मेमरी यांच्या गटाला) जोडलेले आहे, हेही सिसमध्ये त्या उपकरणाच्या 'न्यूमा-नोड' फाइलीतून पाहावे. इंटरप्ट दूरच्या नोडवर जात असतील तर प्रत्येक पॅकेटला दुसऱ्या नोडच्या मेमरीची फेरी पडते.

पाचवी पायरी: वेळ कशात जातो

वाटप नीट असूनही कोअर भरलेले असतील, तर 'पर्फ' हे साधन उघडावे. भरलेला कोअर निवडून, कॉल-साखळीसह (कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावले त्या क्रमासह) दहा-पंधरा सेकंदांचे नमुने घ्यावेत. यादीत वर काय दिसते यावरून पुढची दिशा ठरते.

'आयपीटी-डू-टेबल' किंवा 'एनएफटी-डू-चेन' वर असेल तर फायरवॉलचे नियम दोषी आहेत. आयपीटेबल्स प्रत्येक पॅकेटसाठी नियम वरून खाली एकेक करून तपासतो. हजारो पत्त्यांसाठी हजारो नियम लिहिलेले असतील तर त्यांची जागा आयपीसेटने किंवा एनएफटेबल्समधील संचाने घ्यावी, म्हणजे शोध हॅशने होतो. प्रस्थापित कनेक्शनांना परवानगी देणारा नियम तळाशी गेला असेल तर तो वर आणल्यानेही बराच भार उतरतो.

'क्यूड स्पिन लॉक स्लोपाथ' वर असेल तर कोअर एकमेकांसाठी कुलूप उघडण्याची वाट पाहत आहेत. स्पिनलॉकचे नाव एकटे काहीच सांगत नाही. साखळीत त्याच्या वर कोणते फंक्शन आहे ते पाहावे. पाठवण्याच्या बाजूला क्यूडिस्कचे (पाठवायच्या पॅकेटांच्या रांगेचे) कुलूप, किंवा अनेक थ्रेड एकाच यूडीपी सॉकेटवर तुटून पडल्यास त्या सॉकेटचे कुलूप, ही नेहमीची नावे आहेत.

जीआरओशी संबंधित फंक्शने फारशी दिसत नसतील आणि आयपी व टीसीपीच्या थरांतच दर पॅकेटमागे वेळ जात असेल, तर जीआरओ बंद तर नाही ना, हे 'इथटूल'च्या लहान 'के' पर्यायाने पाहावे. चालू असताना एकाच प्रवाहाची कितीतरी पॅकेट जोडून सुमारे ६४ किलोबाइटपर्यंतचा एकच गठ्ठा वर जातो आणि वरच्या थरांचा खर्च एकदाच होतो. जुनी अडचण सोडवताना कोणीतरी तो बंद केलेला असतो आणि नंतर कोणालाच आठवत नाही.

विसरून राहिलेला 'टीसीपीडम्प' हेदेखील खर्चाचे एक कारण आहे. तो चालू असेपर्यंत त्याच्या फिल्टरला जुळणाऱ्या प्रत्येक पॅकेटची प्रत काढली जाते. त्याबद्दल आणखी दोन गोष्टी: येणारे पॅकेट त्याला फायरवॉलच्या आधी दिसते, म्हणून तेथे दिसलेले पॅकेट ॲप्लिकेशनला मिळालेच असे नाही, आणि त्यात एमटीयूपेक्षा (जोडणीवरून जाऊ शकणाऱ्या पॅकेटच्या कमाल आकारापेक्षा) मोठी पॅकेट दिसली तर तो बिघाड नसून जीआरओचा परिणाम असतो.

सहावी पायरी: मधल्या थरांत आणि सॉकेटवर गळती

कार्डावर आणि सॉफ्टनेट-स्टॅटमध्ये सगळे स्वच्छ असताना पॅकेट हरवत असतील, तर कर्नललाच विचारावे. पॅकेट टाकून देताना कर्नल 'केफ्री-एसकेबी' या ट्रेसपॉइंटवरून (कर्नलमधील नोंद घेण्याच्या ठरलेल्या जागेवरून) जातो, आणि २०२२ च्या ५.१७ आवृत्तीपासून त्यात टाकण्याचे कारणही नोंदले जाते: ऐकणारे सॉकेट नाही, नेटफिल्टरने टाकले, सॉकेटचा बफर भरला, चेकसम चुकला, अशा स्वरूपात. 'पर्फ'ने हा ट्रेसपॉइंट दहा सेकंद नोंदवून कारणांनुसार मोजणी केली, की पूर्वी अर्धा दिवस खाणारे काम काही मिनिटांत होते. जुन्या कर्नलवर 'ड्रॉपवॉच' वापरावे. ते कारण सांगत नाही, पण कोणत्या फंक्शनमध्ये पॅकेट टाकले ते सांगते.

कनेक्शन ट्रॅकिंगचे कोष्टक भरले असेल तर 'डीमेसेज'मध्ये (कर्नलच्या संदेशांत) 'टेबल फुल, ड्रॉपिंग पॅकेट' अशी ओळ स्पष्टच येते. मर्यादा वाढवण्याआधी प्रस्थापित कनेक्शनची मुदत पाहावी: मूळ मूल्य ४,३२,००० सेकंद, म्हणजे ५ दिवस असते, आणि नीट न मिटलेली कनेक्शने तेवढे दिवस जागा अडवून बसतात.

शेवटचा टप्पा सॉकेटचा. 'एनस्टॅट'मध्ये यूडीपीच्या 'रिसीव्ह बफर एरर्स' वाढत असतील तर पॅकेट ॲप्लिकेशनच्या दारापर्यंत आले, पण त्याने ते वेळेत उचलले नाही. कमाल बफरचे मूळ मूल्य २,१२,९९२ बाइट असते, आणि त्यात पॅकेटची नुसती लांबी धरली जात नाही. त्याने व्यापलेली सगळी मेमरी मोजली जाते. त्यामुळे शंभर बाइटच्या नोंदींनी हा बफर अपेक्षेपेक्षा कितीतरी लवकर भरतो. बफर वाढवल्याने झटके पचतात. ॲप्लिकेशन कायमच संथ असेल तर त्याचे वाचनाचे थ्रेड वाढवावे लागतात. टीसीपीत नवी कनेक्शने नाकारली जात असतील तर 'लिसन ओव्हरफ्लोज' पाहावे. 'एसएस'मध्ये ऐकणाऱ्या सॉकेटचा रिसीव्ह-क्यू म्हणजे स्वीकाराची वाट पाहणारी कनेक्शने आणि सेंड-क्यू म्हणजे त्यांची कमाल मर्यादा. पहिला दुसऱ्याला भिडला असेल तर उत्तर समोरच आहे. या मर्यादेची वरची सीमा ठरवणाऱ्या 'सोमॅक्सकॉन' सेटिंगचे मूळ मूल्य ५.४ आवृत्तीपासून १२८ वरून ४,०९६ झाले, पण ॲप्लिकेशनने स्वतः लहान आकडा मागितला असेल तर तोच लागू राहतो.

गळती नाही, पण उशीर आहे

ही सर्वांत चिवट तक्रार, कारण येथे कोणताच काउंटर वाढत नाही. प्रथम कार्डाचे इंटरप्ट एकत्र करण्याचे सेटिंग 'इथटूल'च्या लहान 'सी' पर्यायाने पाहावे. कार्ड काही मायक्रोसेकंद थांबून एकदमच इंटरप्ट देते, त्याने प्रोसेसरचा भार हलका होतो आणि प्रत्येक पॅकेटला तेवढा उशीर होतो. दुसरे कारण प्रोसेसरची झोप: ट्रॅफिक विरळ असताना कोअर खोल सी-स्टेटमध्ये जातो आणि जागे होण्यास दहा ते शंभरांच्या घरात मायक्रोसेकंद लागू शकतात. म्हणूनच काही मशीन भाराखाली असताना चपळ आणि रिकामी असताना मंद वाटते. तिसरे कारण शेड्युलरचे: बीसीसी या कर्नल तपासण्याच्या साधनांच्या संचातील 'रनक्यूलॅट' हे साधन जागा झालेला प्रोसेस कोअर मिळेपर्यंत किती थांबला त्याचा आलेख देते, आणि 'सॉफ्टआयआरक्यूज' हे साधन सॉफ्टआयआरक्यूच्या कालावधीचा. येथे सरासरीला काही किंमत नाही. आलेखाचे शेपूट पाहावे. पॅकेट वेळेत पोहोचले पण केसॉफ्टआयआरक्यूडी आणि ॲप्लिकेशन एकाच कोअरवर भांडत असतील, तर उशीर नेमका या शेपटात दिसतो. तेव्हा इंटरप्ट आणि ॲप्लिकेशन यांचे कोअर वेगळे करावेत.

बदल करताना

टप्पा सापडल्यावर एका वेळी एकच बदल करावा, तेच काउंटर तेवढ्याच अंतराने पुन्हा घ्यावेत आणि आधीच्या नोंदींशेजारी ठेवावेत. आपल्या उदाहरणात यूडीपीचा हॅश बदलल्यावर आठही ओळींचा पहिला रकाना हलू लागला, स्क्वीझची वाढ थांबली, आणि तरीही 'रिसीव्ह बफर एरर्स' आता नव्याने वाढू लागले, तर बदल फसला असे समजू नये. पूर्वी रिंगमध्येच गळणारी पॅकेट आता सॉकेटपर्यंत पोहोचत आहेत आणि पुढचा अरुंद भाग उघडा पडला आहे. तेथून सहाव्या पायरीला लागावे. बदलाचा उपयोग झाला नाही तर तो मागे घ्यावा, नाहीतर सहा महिन्यांनी त्याला हात लावायला कोणी धजावत नाही.

'इथटूल'ने केलेले बदल मशीन पुन्हा सुरू केल्यावर टिकत नाहीत, आणि काही ड्रायव्हर रिंगचा किंवा रांगांचा आकार बदलताना जोडणी क्षणभर पाडतात, म्हणून दूरवरून काम करताना त्याची तयारी ठेवावी. सिसकंट्रोलची मूल्ये त्याच्या निर्देशिकेत वेगळ्या फाइलीत ठेवावीत, कार्डाची सेटिंगे नेटवर्क सेवेच्या किंवा यूडेव्हच्या नियमांत घालावीत, आणि प्रत्येक ओळीवर ती कोणत्या काउंटरसाठी आणि कोणत्या तारखेला घातली याची टिप्पणी लिहावी. कर्नलची आवृत्ती बदलली की या ओळी एकदा काढून पाहाव्यात. मूळ मूल्येच सुधारलेली असतात आणि जुनी ओळ नव्या मूल्याला खाली खेचत बसते.